पायऱ्या कोण मोजणार?

२०२५ च्या दिवाळीच्या आधीची गोष्ट. परळला मोठमोठी रुग्णालयं आहेत, हे तुम्हाला मी वेगळं सांगायला नको. केईएम, टाटा, वाडिया ही नावं ऐकून पोटात गोळा येतो आणि भरवसाही त्याच नावांवर असतो. तुमच्यापैकी कितीतरी जणी घरातलं कुणी आजारी पडलं म्हणून या भागात येऊन गेल्या असतील. आमचं लालबागचं छोटंसं महिला मंडळ आहे. आठवड्यातून दोन दिवस आम्ही बाहेरगावहून आलेल्या रुग्णांच्या नातेवाइकांना मदत करतो. मदत म्हणजे फार मोठी नाही. कुठला कागद कुठल्या खिडकीवर द्यायचा, स्वस्तात जेवण कुठे मिळेल, रात्री पाठ टेकायला धर्मशाळा कुठे आहे, एवढंच.

तिथेच मला माण तालुक्यातल्या मावशी भेटल्या. नवऱ्याला रेडिएशन चालू होतं. त्या त्याला ‘लाइट’ म्हणायच्या. गावाहून एसटीने आल्या होत्या, बायकांना अर्धं तिकीट म्हणून तेवढीच बचत. उतरल्या होत्या नालासोपाऱ्याला दिराकडे. हे दीर एके काळी परळच्याच गिरणीत कामाला होते. गिरणी बंद पडली, खोली सुटली आणि ते नालासोपाऱ्याला गेले. आता वहिनी रोज आजारी नवऱ्याला घेऊन लोकलने उलट्या दिशेला परळला यायच्या.

त्या दिवशी मावशी बाकावर बसून दोन्ही गुडघे चोळत होत्या. मी विचारलं, “काय झालं मावशी? पडलात की काय?”

“पडले न्हाई ताई,” त्या म्हणाल्या. “पन जिनं चढून चढून पाय मोडलं. एका हातात ह्यांचा दंड, दुसऱ्या हातात फायलीची पिशवी. आता तुमीच सांगा, मान्साला धरू का पिशवी धरू? कठडा कुठल्या हातानं धरायचा?”

मी निरुत्तर झाले. मावशींनी पायऱ्या मोजल्या होत्या. गाडीतून उतरल्यापासून रुग्णालयाच्या दारापर्यंत चढायच्या किती आणि उतरायच्या किती, सगळं त्यांना तोंडपाठ होतं. स्टेशनचं नाव कशाला घेऊ? मुंबईत बहुतेक सगळीकडे तीच कथा आहे. टॅक्सीवाल्याला विचारलं तर इतक्या जवळचं भाडं नको म्हणून त्याने मान फिरवली होती. आणि यायचं म्हटलं असतं तरी तो येणार कुठून? परळ आणि प्रभादेवीला जोडणारा एल्फिन्स्टनचा गाड्यांचा पूल १२ सप्टेंबर २०२५ पासून पाडण्यासाठी बंद झाला होता. गाडीने जायचं तर टिळक पुलाचा नाहीतर करी रोड, चिंचपोकळीचा वळसा. म्हणजे वेळही गेला आणि मीटरही पळाला.

त्या रात्री स्वयंपाक करताना माझ्या मनात एकच विचार घोळत होता. मुंबईच्या वाहतुकीवर इतकं बोललं जातं, इतके कोटी जाहीर होतात, नकाशांवर रंगीत रेघा ओढल्या जातात. अमुक इतक्या किलोमीटरची मेट्रो, तमुक इतक्या किलोमीटरचा पूल. पण या सगळ्यात मावशींच्या पायऱ्या कुणी मोजल्यात का?

मैत्रिणींनो, मी काही वाहतूकतज्ज्ञ नाही. बी. ए. झालेली, चाळीत संसार करणारी बाई आहे. माहेर गिरगाव, सासर लालबाग. पण चाळीस-पंचेचाळीस वर्षं याच शहरात चालले आहे, धावले आहे, लटकले आहे. त्या अनुभवावरून एक गोष्ट मला पक्की वाटायला लागली आहे. शहराची वाहतूक आखणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर एकच प्रवासी असतो. तो सकाळी घरून निघतो, सरळ ऑफिसात जातो आणि संध्याकाळी सरळ घरी येतो. त्याच्या हातात एक बॅग असते आणि त्याला लवकर पोहोचायचं असतं. बाईचा प्रवास असा सरळ नसतो. ती आधी मुलाला शाळेत सोडते, तिथून सासूबाईंचा केसपेपर काढायला जाते, येताना रेशन नाहीतर दादरच्या मंडईतून भाजी घेते, मग मुलाला आणायला परत शाळेत. तीन-चार तुकडे, प्रत्येक तुकडा एक-दोन किलोमीटरचा, हातात ओझं आणि कडेवर नाहीतर बोटाला धरलेलं कुणीतरी. तिला वेगापेक्षा हवी असते ती जवळ थांबणारी, बुटक्या पायरीची, वेळेवर येणारी बस. तिला न धापा टाकता रस्ता ओलांडायचा असतो. एवढ्या साध्या मागणीत कापायला फीत नसते, म्हणून ती मागेच राहते.

असं नेहमीच होतं असं नाही. मुंबईच्या वाहतुकीचा इतिहास आम्हा गिरगावकरांना घरचा वाटतो. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदर ते ठाणे पहिली आगगाडी धावली. ती सुरू व्हावी म्हणून धडपडणाऱ्यांत आमच्या गिरगावचे नाना शंकरशेट होते. पुढे ट्राम आली. १८७४ साली ती घोडे ओढायचे, १९०७ पासून विजेवर धावू लागली. माझी आजी ट्रामबद्दल बोलायला लागली की थांबायची नाही. पायरी खाली, चाल सावकाश, नऊवारी नेसून कडेवर मूल घेऊन सहज चढता यायचं, असं ती सांगायची. ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदरहून दादरला शेवटची ट्राम गेली. तिला निरोप द्यायला रस्त्यावर माणसं जमली होती. मोटारींना रस्ता मोकळा हवा, ट्राम अडथळा करते, असं तेव्हा सांगितलं गेलं. आज त्याच रस्त्यावर मोटारी एकमेकींना चिकटून उभ्या असतात. ट्राम गेली म्हणून रस्ता काही मोकळा झाला नाही.

आता आमच्या परळ-लालबागकडे या. हे गिरणगाव. पहाटे भोंगा वाजला की माणूस चालत गिरणीत जायचा. घर आणि काम यांच्यामध्ये गाडी नव्हतीच. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि ते जग संपत गेलं. गिरण्यांच्या जागी काचेचे टॉवर आले, मॉल आले, हजारो लोकांची ऑफिसं आली. पूर्वीचे कामगार विरार, नालासोपारा, डोंबिवलीला फेकले गेले आणि त्यांच्याच मुली सकाळच्या गाडीने त्या टॉवरमध्ये नोकरीला येऊ लागल्या. टॉवरला परवानगी देताना ही सगळी माणसं कुठल्या जिन्याने उतरणार, हा प्रश्न कुणी विचारला? जिना जुनाच राहिला आणि त्यावरची पावलं कित्येक पटींनी वाढली.

मग २९ सप्टेंबर २०१७ आला. दसऱ्याचा आदला दिवस. सकाळी साडेदहाची वेळ, अचानक आलेला पाऊस. एल्फिन्स्टन रोड आणि परळ स्टेशनांना जोडणाऱ्या अरुंद पादचारी पुलावर चेंगराचेंगरी झाली आणि २३ जीव गेले. कुणी फुलं घ्यायला, कुणी कामाला निघालेलं. आमच्या चाळीत त्या दसऱ्याला कुणी तोरण लावलं नाही. पूल रुंद करा, अशी मागणी त्याआधीपासून होत होती. दुर्घटनेनंतर मात्र लष्कराला बोलावलं गेलं आणि २७ फेब्रुवारी २०१८ ला नवा पादचारी पूल खुलाही झाला. पुढे स्टेशनाचं नाव प्रभादेवी झालं, २०१९ च्या मार्चमध्ये परळ टर्मिनस सुरू झालं. या सुधारणा चांगल्याच. पण जो पूल काही महिन्यांत होऊ शकत होता, तो २३ माणसं जाण्याआधी का झाला नाही? अवघड काम राहिलं तर समजू शकते. हे अवघड नव्हतं. पादचारी पूल कुणाला महत्त्वाचा वाटला नव्हता, एवढंच त्याचं कारण.

आणि आठ वर्षांनी शेजारचाच गाड्यांचा पूल पाडायला घेतला. खरं बोलायचं तर तो शंभरी उलटलेला होता, नवा बांधणं भाग होतं. नवा पूल दोन मजली होणार, खालून स्थानिक गाड्या आणि वरून शिवडी-वरळी जोडरस्ता, म्हणजे अटल सेतूवरून येणाऱ्या मोटारी थेट वरळीला. कामाला माझा विरोध नाही. माझं म्हणणं क्रमाबद्दल आहे. आपण घरी संडास-बाथरूम दुरुस्तीला काढतो तेव्हा आधी शेजारणीला विचारून ठेवतो, दोन बादल्या पाणी भरून ठेवतो, म्हाताऱ्या माणसाची सोय बघतो आणि मग फरशी फोडतो. इथे ज्या पुलाच्या एका टोकाला राज्यभरातले रुग्ण येतात, तो बंद करण्याआधी त्या रुग्णांसाठी दोन टोकांमध्ये सतत फिरणाऱ्या छोट्या बसगाड्या, व्हीलचेअर, ठिकठिकाणी बसायला बाकडी, एवढं आधी करून ठेवायला काय हरकत होती? मोटारी कुठून वळवायच्या याचा नकाशा पहिल्या दिवशी तयार होता. चालणाऱ्याचा नकाशाही त्याच दिवशी तयार हवा होता.

आता बसकडे वळते, कारण बाईचा खरा जीव बसमध्ये असतो. १५ जुलै १९२६ ला मुंबईत पहिली बस धावली. आमच्या पिढीला बेस्ट म्हणजे घरातलं माणूस. विजेच्या धंद्यातून मिळालेल्या पैशातून बसचा तोटा भरून निघायचा, ती सोय हळूहळू आटली. २०१० च्या सुमाराला चार हजारांच्या वर बस होत्या, २०२५ मध्ये त्या तीन हजारांच्याही खाली आल्या. त्यातल्याही बहुतेक कंत्राटदारांच्या. लोकसंख्या वाढली, टॉवर वाढले, मेट्रोची स्टेशनं वाढली आणि तिथपर्यंत नेणाऱ्या बस तेवढ्या कमी झाल्या. २०२३ च्या ऑगस्टमध्ये कंत्राटी चालकांनी पगारासाठी संप केला तेव्हा चालकांच्या घरच्या बायकाही आझाद मैदानात उतरल्या होत्या. मला त्यांचं नवल वाटलं नाही. पगार पुरत नाही हे आधी घरातल्या डब्याला कळतं.

तिकिटाचा हिशेबही बघू या. ९ जुलै २०१९ ला किमान भाडं ५ रुपये केलं, तेव्हा बसला पुन्हा गर्दी झाली. ९ मे २०२५ पासून तेच भाडं १० रुपये झालं, एसी बसचं ६ चं १२. आमच्या चाळीतली एक जण वरळीच्या टॉवरमध्ये स्वयंपाकाला जाते. जाताना दोन बस, येताना दोन बस. आधी दिवसाला २० रुपये, आता ४०. महिन्याचे २६ दिवस धरले तर ५२० चे १०४० झाले. एसी बस मिळाली तर १२४८. पास काढला तर काही वाचतात, पण पासाचे पैसे महिन्याच्या सुरुवातीला एकदम मोजायचे कुठून? ज्या घरात मुलीच्या क्लासची फी आणि गॅस सिलिंडर एकाच आठवड्यात येतात, तिथे पाचशे रुपये म्हणजे काय, हे तुम्हाला माहीत आहे. ती काय करते? येताना एक टप्पा चालत येते. कुठल्याही अहवालात हे चालणं लिहिलं जात नाही.

“पैसे नाहीत” हे उत्तर लगेच येतं. चला, पैशांचंच बोलू. मुंबई महापालिकेचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प ७४ हजार कोटींच्या वर होता. त्यातून बेस्टला दिले १ हजार कोटी. याच महापालिकेने साडेदहा किलोमीटरचा सागरी किनारा रस्ता बांधला, त्याला सुमारे १४ हजार कोटी लागले. तो रस्ता देखणा आहे, मी एकदा नातेवाइकांच्या गाडीतून गेले आहे. मोटारींना तिथे टोल नाही. म्हणजे मोटारीला फुकट रस्ता आणि बसमधल्या बाईला दुप्पट तिकीट! हा पैशांचा प्रश्न आहे की पंक्तिप्रपंचाचा? आपल्याकडे पंगतीत पहिल्या ओळीत तूप आणि शेवटच्या ओळीत नुसतं वरण, असं केलं तर यजमानाला नावं ठेवतात.

दुसरं दुखणं चुलींचं. मुंबईची वाहतूक म्हणजे एका घरात सात चुली. लोकल चालवणार केंद्राची रेल्वे, त्यातही मध्य आणि पश्चिम वेगळ्या. बस महापालिकेच्या बेस्टची. मेट्रोच्या काही मार्गांची मालकीण एमएमआरडीए, भुयारी मेट्रोची दुसरीच कंपनी. उड्डाणपूल कुणाचा, एसटी कुणाची, फुटपाथ कुणाचा, सगळे निराळे. या सगळ्यांना एकत्र बसवायला २००८ साली एक संयुक्त प्राधिकरण नेमलं गेलं, पण प्रत्येक चूल अजून आपापली पेटते आहे. दादरलाच बघा. पश्चिम आणि मध्य रेल्वेचं स्टेशन एकमेकांना खेटून, पण दोघांकडेही एक नंबरपासून फलाट. नवखी बाई हमखास चुकायची. एका सलग मोजणीने १ ते १४ असे नंबर द्यायला ९ डिसेंबर २०२३ उजाडावा लागला! त्याला काही कोटी लागले नव्हते. एकमेकांशी बोलावं लागलं होतं.

न बोलण्याची किंमत मोनोरेलने दाखवली. २०१४ ला वडाळा-चेंबूर आणि २०१९ ला पुढे संत गाडगे महाराज चौकापर्यंत ती आली. आमच्या लालबागजवळ मिंट कॉलनीला तिचं स्टेशन. गाडी वरून जाताना मुलं टाळ्या वाजवायची, पण आत मोजकीच डोकी दिसायची. उतरल्यावर पुढे न्यायला हाताशी काही नाही, मग चढणार कोण? १९ ऑगस्ट २०२५ च्या पावसात पाचशेहून जास्त माणसं घेऊन ती अधांतरी अडकली, अग्निशमन दलाने शिड्या लावून सगळ्यांना उतरवलं. २० सप्टेंबर २०२५ पासून ती दुरुस्तीसाठी थांबवली गेली. आमच्या लालबागच्या उड्डाणपुलाचंही तसंच. २०११ ला तो झाला, मोटारी डोक्यावरून सुसाट जाऊ लागल्या आणि आम्ही खाली जीव मुठीत धरून रस्ता ओलांडतो.

मग नवीन काही चांगलं नाहीच का? आहे. भुयारी मेट्रोबद्दल मी मनापासून चांगलं बोलेन. ८ ऑक्टोबर २०२५ ला तिच्या शेवटच्या टप्प्याचं उद्घाटन झालं आणि कफ परेडपासून आरेपर्यंतची साडेतेहतीस किलोमीटरची, २७ स्टेशनांची लाइन पूर्ण झाली. मी गिरगावला चढले आणि सिद्धिविनायकला उतरले. लिफ्ट आहे, सरकते जिने आहेत, गारवा आहे, अंगचटीला येणारी गर्दी नाही. माझ्या शेजारी बसलेली मुलगी निवांत पुस्तक वाचत होती. पूर्वी या प्रवासात तिने एका हाताने कडी आणि दुसऱ्या हाताने ओढणी सांभाळली असती. म्हणजे मनात आणलं तर बाईला माणसासारखा प्रवास देता येतो, हे सिद्ध झालं.

पण याच मेट्रोसाठी गिरगाव-काळबादेवीतल्या शेकडो कुटुंबांनी चाळी रिकाम्या केल्या. माझ्या माहेरच्या ओळखीची कितीतरी घरं त्यात गेली. माणसं रस्त्यावर उतरली, तेव्हा त्याच भागात घर मिळेल असा शब्द मिळाला. मेट्रो धावू लागली त्या दिवशी मात्र त्यांच्या नव्या इमारती उभ्या राहिल्या नव्हत्या. ज्या म्हाताऱ्या आजीने समोरच्या देवळात रोज दिवा लावला, ती उपनगरातल्या भाड्याच्या घरात वाट बघते आहे. सदतीस हजार कोटींच्या कामात आधी तिचं घर आणि मग बोगदा, असा क्रम का नाही लावला? आणि याच ऑक्टोबरात आलेलं ‘मुंबई वन’ हे ॲप. अकरा सेवांची तिकिटं एका ठिकाणी मिळतात, सोय चांगली आहे. पण तिकीट एकत्र निघालं तरी प्रत्येक चढण्याचे पैसे वेगळेच लागतात. आणि मावशींसारख्या बाईचा स्मार्टफोन असतो मुलाकडे, मुलगा असतो गावाला.

कुणी म्हणेल, बायकांना सगळं फुकट हवं. नाही हो. दिल्लीने २०१९ च्या भाऊबीजेपासून बायकांना बसप्रवास मोफत केला, तमिळनाडूने २०२१ मध्ये, कर्नाटकाने २०२३ मध्ये. आपल्या एसटीने १७ मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट केलं. त्याने काय झालं हे तुम्ही माझ्यापेक्षा जास्त सांगू शकाल. तालुक्याच्या बाजाराला, माहेरी, देवाला, दवाखान्याला बायका निघाल्या. ज्या नवऱ्याला विचारून निघायच्या, त्या सांगून निघू लागल्या. मला एवढंच म्हणायचं आहे की, साताऱ्याहून मुंबईपर्यंत जिला सवलत आहे, तिची सवलत मुंबईच्या वेशीवर का संपते? आणि मला विचाराल तर फुकटापेक्षा आधी वेळेवर हवी, रात्री नऊनंतरही हवी, स्टॉपवर दिवा आणि बसायला जागा हवी, जवळपास स्वच्छ संडास हवा. २०११ पासून मुंबईतल्या बायका ‘राइट टू पी’ म्हणत या एका हक्कासाठी भांडत आहेत. प्रवास आहे म्हणून सकाळपासून पाणी न पिणाऱ्या बायका मी रोज बघते. त्यातल्या काही पुढे आमच्याकडे रुग्ण म्हणूनच येतात.

मागितल्याशिवाय मात्र काही मिळत नाही, हेही खरं. ५ मे १९९२ ला चर्चगेट ते बोरिवली पहिली लेडीज स्पेशल लोकल निघाली. नोकरदार बायकांची गर्दी डोळ्यांत भरली, तेव्हा गाडीची पाटी बदलली. त्याआधी मधु दंडवते १९७७ ते ७९ या काळात रेल्वेमंत्री होते. सेकंड क्लासच्या उघड्या लाकडी फळीवर गादी आली ती त्यांच्या काळात. गरीब माणसाचीही पाठ दुखते, हे मंत्र्याला सुचलं म्हणून ते झालं. आणि १९७२ साली मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्याबरोबर याच मुंबईतल्या गृहिणी लाटणं घेऊन महागाईविरुद्ध रस्त्यावर आल्या होत्या. तेल-साखर हा राजकारणाचा विषय होऊ शकतो, तर पुलाच्या पायऱ्या का नाही?

मुंबईत मार्च २०२२ पासून जवळजवळ चार वर्षं नगरसेवकच नव्हते. भाडं दुप्पट झालं, पूल बंद झाला, तेव्हा जाब विचारायला वॉर्डात कुणी नव्हतं. २०२६ च्या जानेवारीत निवडणूक झाली. आपल्या राज्यात स्थानिक संस्थांमध्ये निम्म्या जागा बायकांसाठी राखीव आहेत. आमच्या मंडळाने ठरवलं आहे, निवडून आलेल्या बाईंना हार घालायला जायचं आणि हाराबरोबर पायऱ्यांची यादी द्यायची.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं मुंबईचं, आम्हाला काय त्याचं? तर दोन कारणं. एक म्हणजे परळच्या त्या जिन्यावर उद्या तुम्ही किंवा तुमचं माणूस असू शकतं. मुंबई काही फक्त मुंबईकरांची नाही. दुसरं कारण त्याहून जवळचं. मुंबईने केलं की पुणं करतं, पुण्याने केलं की जिल्ह्याचं गाव करतं. तुमच्या गावात बाह्यवळण रस्ता होतो, चौकात उड्डाणपुलाची घोषणा होते आणि शाळा सुटण्याच्या वेळेची एसटी बंद झालेली कुणाच्या लक्षातही येत नाही. मुलगी दहावीनंतर घरी का बसली, याचं कारण पुष्कळदा त्या बंद झालेल्या गाडीत असतं. २०२५ च्या डिसेंबरात नगरपरिषदांच्या निवडणुका झाल्या. तुम्ही ज्यांना मत दिलं त्यांना रस्त्याची रुंदी विचारण्याआधी विचारा, बसस्टँडवर बायकांचा संडास चालू आहे का, शेवटची गाडी किती वाजता सुटते, दवाखान्यापर्यंत चालत जायला सलग फुटपाथ आहे का, आराखडा करताना किती बायकांना विचारलं.

मावशींच्या नवऱ्याचे ‘लाइट’ दिवाळीनंतर संपले. जाताना त्या भेटायला आल्या. गाव सोडताना आणलेल्या बाजरीच्या पिठातलं उरलेलं त्यांनी मला आग्रहाने दिलं. पुढच्या तपासणीला तीन महिन्यांनी परत यायचं होतं. “ताई, तवर त्यो पूल व्हईल का?” त्यांनी विचारलं. मी खोटं बोलले नाही. नाही होणार मावशी, म्हटलं. पण या वेळी मला आधी फोन करा, आमच्यातली एक जण स्टेशनवर येईल, पिशवी ती धरेल.

आमच्याकडून एवढंच होतं. बाकीचं ज्यांनी करायचं, त्यांना विचारत राहणं आपल्या हातात आहे. उद्या बाजाराला किंवा दवाखान्यात जाल तेव्हा घरापासून दारापर्यंतच्या पायऱ्या मोजा. कुठे कठडा नाही, कुठे दिवा नाही, कुठे बस थांबत नाही, ते वहीच्या एका पानावर लिहा. चार जणींच्या सह्या घेऊन ते पान नगरपरिषदेत किंवा एसटी डेपोत द्या आणि पोच घ्यायला विसरू नका.